हन्नामावशीचं गोडं पाणी

इस्राएलमधल्या बेअर-शेवाच्या बसस्टँडवरच्या फोनवरून मी नागपूरला आईशी ओरडून बोलत होते. मागून कोणीतरी खांद्यावर टिचकी मारली आणि चक्क मराठीत म्हणालं, "नीट जेवते म्हणून सांग आधी तिला. कार्ड संपेल नाहीतर." वळून पाहिलं, तर डोक्याला रुमाल बांधलेल्या एक ठेंगण्या बाई एका हातात दोन पिशव्या घेऊन उभ्या. तेवढ्यात कार्ड संपलंच. "राहिलं ना सांगायचं?" त्या म्हणाल्या. हन्नामावशीची नि माझी ही पहिली भेट.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करत होते. मावशी वाळवंटातल्या येरुहाम गावात राहायची. कोकणातल्या नवगावची मराठी ज्यू, लग्न झाल्या झाल्या नवऱ्याबरोबर तिथे आलेली. तीस वर्षं कारखान्यात बाटल्या तपासल्या, मग नवरा गेला. तिची मराठी ती निघाली त्या दिवसाचीच राहिली होती. बसला ती 'मोटार' म्हणे आणि माझ्या प्रत्येक तक्रारीवर, "वरी नको करू गं. श्वास चालू आहे ना?"

शुक्रवारी दुपारी मी तिच्याकडे जायची ती रविवारी सकाळीच परतायची. तिची मुलगी ओर्ली लष्करातली नोकरी संपवून सहा महिने भारत बघायला निघाली होती. "आम्ही तिकडून इकडे आलो, ही इकडून तिकडे चालली," मावशी हसून म्हणाली. ओर्लीने मागे एक जबाबदारी ठेवली होती. दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणि तिच्यात एकच समुद्रफूल. दिसायला फूल, पण आहे प्राणी. खडकाला पाय रोवून बसलेला, बोटाएवढाल्या हिरवट पाकळ्या पाण्यात हलवणारा. ओर्लीने पहिल्या पगारातून घेतलेला, तिचा जीव की प्राण.

"चष्मा सापडत नाही बघ. एवढं वाच," म्हणत मावशीने फ्रीजवरचा कागद माझ्या हातात दिला. ओर्लीने हिब्रूत सूचना लिहिल्या होत्या. मला नुकतीच अक्षरं लागायला लागली होती, अर्थ शून्य. मी एकेक शब्द अडखळत उच्चारायची, मावशी अर्थ सांगायची, मी मराठीत उतरवून घ्यायची. चष्मा तिच्या डोक्यावरच होता. तिने माझी नजर पाहिली. "तू शिकलेली आहेस, तुला काय लपवायचं? इकडची अक्षरं मला येत नाहीत. पण ओर्लीला सांगू नको हं."

पंपाच्या तोंडाला स्पंज लावायचा, म्हणजे फूल सरकत गेलं तर ओढलं जाणार नाही. आठवड्यातून दोनदा कोळंबीचा तुकडा. "कोळंबी? माझ्या फ्रीजमध्ये? नको गं बाई, आमच्या धर्मात चालत नाही. मासा घालू त्याला." रोज कमी झालेलं पाणी भरायचं. कुठलं पाणी, तो शब्द मात्र थेंब पडून फिसकटला होता. समुद्रातला जीव म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं, मिठाचं.

दीड महिन्यात फूल आक्रसून लिंबाएवढं झालं. मावशीचं जेवण सुटलं. "पोरीला काय तोंड दाखवू?" मी औषधाच्या गोष्टी करत होते. तिने मात्र टाकीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "आमच्या नवगावच्या समुद्राला एवढं मीठ नव्हतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. उन्हाने वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. आणि वर आम्ही रोज आणखी मीठ घालत होतो. हे शाळेतलं पोर सांगेल. मी कागद पुन्हा उजेडात धरला. पहिलं अक्षर 'म' होतं. "मतूकीम!" मावशी ओरडली. "गोडं पाणी, गोडं!"

सगळं पाणी एकदम बदललं असतं तर फुलाला धक्का बसला असता. मग मावशीने दुकानातून शुद्ध पाणी आणलं आणि रोज दोनदा पेला-पेलाभर बदललं. बाराव्या दिवशी तिचा फोन आला. "पाकळ्या काढल्या गं त्याने!" आणि रडायलाच लागली.

ओर्ली परतली तेव्हा मी तिथेच होते. टाकीसमोर गुडघे टेकून तिने मन भरून पाहिलं, मग फ्रीजवरचा माझा मराठी कागद तिला दिसला. "इमा, हे काय?" तिने आईला हिब्रूत विचारलं.

मावशीला काहीही सांगता आलं असतं. तिने पदराने हात पुसावेत तसे झग्याला पुसले. "मला तुझी अक्षरं वाचता येत नाहीत, ओर्ली. कधीच येत नव्हती."

"शाळेतून चिठ्ठ्या यायच्या त्या?"

"बाबा वाचायचे. ते गेल्यावर तूच वाचून दाखवायचीस."

ओर्लीने आईला सोफ्यावर बसवलं. मग म्हणाली, "चष्मा जागेवर ठेवत नाहीस म्हणून मी तुझ्यावर केवढी चिडायचे." तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. थोड्या वेळाने उठून तो कागद काढून आणला. "यात पाणी कुठे लिहिलंय? दाखव." मावशीने 'पा'वर बोट ठेवलं. त्या संध्याकाळी ओर्ली मराठीची सात अक्षरं शिकली.

मी नागपूरला परतले. आठेक वर्षांनी एका दुपारी फोन वाजला. "मी ओर्ली. आई गेला. काल." मी विचारलं, त्रास झाला का. "नाही. झोपेत. मी जवळ होता." आम्हा दोघींना इंग्रजी उत्तम येत होतं. तरी ती एकेक मराठी शब्द शोधून आईबद्दल सांगत राहिली, आणि मी ऐकत राहिले.