डावीकडची प्रदक्षिणा

आमचा हॅमस्टर प्रदक्षिणा घालतो, असं मी सासरवाडीच्या ग्रुपवर व्हिडिओसकट टाकलं. चूक तिथंच झाली.

हॅमस्टर लेकीचा. पुण्याला शिकायला जाताना पिंजरा माझ्या हातात देऊन ती म्हणाली होती, "पप्पा, ह्याला जपा." जपणं म्हणजे दाणे टाकणं, एवढीच माझी समज.

आधी तो तासन्‌तास एकच गज कुरतडायचा. मी म्हणायचो, दात घासतोय. मग पाण्याच्या वाटीभोवती गोल फिरायला लागला, मान वाकडी, एक डोळा अर्धा मिटलेला. मला त्यात भक्ती दिसली. ग्रुपवर हात जोडणाऱ्यांची रांग लागली. शेजारच्या काकू तर पिंजऱ्याला हळदीकुंकू लावून गेल्या. मी लई फुगलो. आठ दिवसांत पाच व्हिडिओ काढले.

ते बघून घाटनांदूरहून मेव्हणा आला. त्याची मेंढरं आहेत. पिंजऱ्यापुढं उकिडवा बसून त्यानं बराच वेळ बघितलं.

"दाजी, प्रदक्षिणा कुण्या बाजूनं घालतेत?"

"देव उजव्या हाताला ठेवून."

"हे तर डावीकडं फिरायलंय. डोक्यात आजार गेला की मेंढरू असंच फिरतंय. फिरून फिरून मरतंय. तुमी ह्याचा देव कावून केला?"

पिंजरा जनावरांच्या दवाखान्यात नेला. तिथले डॉक्टर म्हशी-बैल बघणारे. तरी त्यांनी बॅटरी लावून कान बघितला. आजार कानातून मेंदूपर्यंत गेला असावा, नक्की सांगता येत नाही, म्हणाले.

"कधीपासून फिरतोय?"

"आठ दिवस झाले."

त्यांनी बॅटरी विझवली. औषध भरायला लागले.

बायकोनं दोन दिवस थेंब थेंब पाजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो वाटीला टेकून गार पडला होता. लेकीची परीक्षा चालू, म्हणून तिला कळवलं नाही. परीक्षा संपल्यावरही मी आज-उद्या करत राहिलो. रविवारी ती येणार.

पिंजरा धुऊन गच्चीवर ठेवलाय. तरी दुपारी लाईट जाऊन पंखा थांबला, की पिंजरा असायचा त्या कोपऱ्यातून भुशावर पाय घासल्यासारखं ऐकू येतं. उठून बघतो, काही नसतं. बायकोही स्वयंपाकघरातून डोकावते. तिनं काही ऐकलं का, हे मी विचारत नाही.

काल तसाच उठलो आणि लेकीला काय सांगायचं ते जुळवत शेवटचा व्हिडिओ लावला. फिरता फिरता तो थांबतो. वाकडी मान उचलून माझ्याकडं बघतो. आणि मागून माझाच आवाज येतो, हसरा, "थांबला का बे? मार अजून एक फेरी!"

आणि तो फिरायला लागतो.

बायको दारात उभी होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला, लेकीचा नंबर लावून परत दिला आणि म्हणाली, "सांगा आता. गोष्ट करून नका सांगू."