जादा पाटा

कुठलीही गाडी समोर आली की चाचा आधी तिच्या मागच्या बाजूला जायचे, दोन्ही तळहात टेकवून तिला खाली दाबायचे आणि एकदम सोडून द्यायचे. मग मान तिरकी करून ती कशी वर येते ते बघत राहायचे. मालक तक्रार सांगायला लागला तर त्याला हातानेच थांबवायचे. "तू नंतर. आधी तिला बोलू दे."

ही सवय इतकी अंगात मुरलेली की आमच्या क्लासमधल्या बाकावर बसतानाही ते आधी बाक दाबून बघत. मुली हसायच्या. चाचांना त्याचं काही वाटत नसे.

जव्हारच्या एसटी डेपोमागच्या गल्लीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. समोर त्यांचं गॅरेज होतं. वडील बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, मुलगा जीपगाड्यांकडे वळला. जव्हारपासून मोखाड्यापर्यंत धावणाऱ्या बहुतेक जीपा कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि पाड्यावरचं गिऱ्हाईक आलं की त्यात तिकडचे शब्दही मिसळत. मला ते 'बेटा' म्हणत. माझा भाऊ बारका होता तेव्हा त्यालाही बेटाच म्हणत, त्यामुळे हाक कुणाला मारली ते दोघांनी डोकं वर काढल्यावरच कळायचं.

ज्या पावसाळ्याबद्दल सांगते आहे तो संपत आला होता. मोखाड्याच्या रस्त्यावर एका वळणावर जीप खाली दरीत गेली. जीपमध्ये माणसं नेहमीसारखी कोंबलेली नव्हती, जवळजवळ रिकामीच होती. साखरशेतची एक सून माहेरी चालली होती, ती गेली. ड्रायव्हर वाचला. त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला.

तो मोखाड्याजवळच्या एका पाड्यावरचा पोरगेला माणूस, नुकतंच लग्न झालेला. शुद्धीवर आल्यापासून तो एकच सांगत होता, "मी काय नाय केलां. मागून कोणीतरी ढकललां." रस्त्यावर मागे तर कुणीच नव्हतं. मग जव्हारात लोक म्हणाले, प्यायला असेल. पाड्यावर म्हणाले, त्या वळणावर काहीतरी आहे. दोन्हीकडून एकच निघत होतं, की त्याचं बोलणं खरं धरायचं नाही. पोलीस केस झाली, गाडी चालवणं बंद झालं. मेलेल्या बाईच्या नवऱ्याने भर बाजारात, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, त्याच्या आईला नको ते ऐकवलं. ते मी माझ्या दारातून ऐकलं होतं.

त्याच सुमाराला चाचांनी गाड्या दाबणं सोडलं. गिऱ्हाईक येई, सांगे ते ऐकून घेत, पाना हातात घेत आणि काम करून देत. तुम्ही रोज एका माणसाला पाहत असता, तेव्हा त्याच्यात काय कमी झालंय हे पटकन लक्षात येत नाही. मलाही नाही आलं. वाटलं, वय झालं.

एका दुपारी ते माझ्याकडे इन्व्हर्टरची वायर बघायला आले. कोपऱ्यात भावाचा कॉम्प्युटर होता. नोकरीसाठी पुण्याला जाताना तो गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, त्याचं स्टिअरिंग आणि पायाखालची पेडलं माझ्या गळ्यात टाकून गेला होता. चाचांनी स्टिअरिंग फिरवून पाहिलं. ते हाताला विरोध करत होतं, खऱ्या गाडीसारखं.

"यात गाडी खोलता येते का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना खेळातलं गॅरेज दाखवलं. टायरची हवा, पुढची-मागची स्प्रिंग, शॉकअप, ब्रेकचा जोर, सगळं बदलता येत होतं. सगळं इंग्रजीत होतं, ते मी वाचून सांगितलं. गाड्या भरपूर होत्या. त्यांनी नव्या चकचकीत गाड्या सोडून साठ वर्षांपूर्वीची एक हिरवी शर्यतीची गाडी निवडली. टायर अरुंद, अंगावर पंख नाहीत, काही नाही.

"हीच बरी. हिच्यात डोकं नाही. लोखंड आहे फक्त."

दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतरच्या वेळात, क्लास रिकामा असताना, ते यायला लागले. मला गंमत वाटली. या वयात चाचांना खेळाचा नाद लागला म्हणून मी भावाला फोनवर सांगितलंसुद्धा. पण ते शर्यत कधी लावतच नसत. मला म्हणत, "रस्ता ओला कर." मग गाडी घेऊन एका उतारावरच्या डाव्या वळणापर्यंत जात, ते घेत आणि परत येत. पहिले काही दिवस गाडी गवतात जाऊन पडे. ते हू की चू करत नसत. खेळातल्या गॅरेजमध्ये येऊन एक गोष्ट बदलत, आणि पुन्हा तेच वळण.

मी एकदा त्यांचं काम लवकर व्हावं म्हणून हवा आणि स्प्रिंग दोन्ही बदलून दिलं. ते चिडले. "एका वेळी एकच, बेटा. दोन हात लावले तर कुणी काय केलं ते कसं कळणार?"

हवा कमी-जास्त करून पाहिली, थोडा फरक पडला. ब्रेकचा जोर पुढे घेतला, थोडा आणखी. मग मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या आणि गाडी वळणावर शहाण्यासारखी वागली. मला वाटलं, झालं एकदाचं. टाळी वाजवायला मी हातही उचलले होते. चाचा म्हणाले, "आता उलटं कर. मागे जेवढं टणक होईल तेवढं कर."

मी केलं. गाडी वळणात शिरली, आणि पुढची चाकं नीट वळत असताना मागची बाजू एकदम बाहेर फेकली गेली. स्टिअरिंगला हिसका बसला, गाडी गरकन फिरून उलट्या तोंडाने थांबली. चाचांनी पुन्हा नेली. पुन्हा तसंच. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "तू घे. सावकाश घे."

मी सावकाशच घेतलं. तरी वळणाच्या मधोमध खरोखर वाटलं, की मागून कुणीतरी धक्का दिला.

मी मागे वळून पाहिलं. चाचा भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते.

"तो हेच म्हणत होता," ते म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं. अपघाताच्या आदल्या आठवड्यात तो ड्रायव्हर जीप घेऊन आला होता. पूर्ण भरली की गाडी मागे बसते, खड्ड्यात खाली घासते, काहीतरी करा म्हणाला. चाचांनी मागे दोन्हीकडे एकेक जादा पाटा चढवला. पाटे म्हणजे चाकावरच्या त्या एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पट्ट्या, ज्या भार झेलतात. अशा कितीतरी जीपांना त्यांनी तसे पाटे चढवले होते. माणसं भरलेली असताना गाडी छान चालते. पण रिकामी असली की मागची बाजू दगडासारखी टणक होते, उडते, आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते.

"काम झाल्यावर मी तिला दाबून बघितलं, बेटा. ती हललीच नाही. मला कळलं होतं. म्हटलं, रिकामी कोण चालवतो इथे? गेली म्हटलं, जाऊ दे."

मी त्यांना समजावू लागले. चाचा, हा खेळ आहे. ही शर्यतीची गाडी, ती जीप. तिथे शेवाळ असेल, टायर गुळगुळीत असतील, त्याची नजर चुकली असेल. यावरून काही सिद्ध होत नाही.

"नाही होत," ते म्हणाले. "माझ्या पाट्यानेच झालं असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. पण तो खोटं बोलत नव्हता, हे तर कळलं ना? तेवढं तरी सांगायला पाहिजे."

दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मोटरसायकल घेऊन दारात उभे राहिले. "तू पण चल. मला गाडीचं बोलता येतं, बाकीचं नाही जमत."

पाड्यावर पोहोचलो तेव्हा ड्रायव्हर अंगणात पाय लांब करून बसला होता. त्याची बायको सुपात नाचणी पाखडत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं नाही. आईने गोधडी अंथरली. चाचा गोधडीवर न बसता तसेच मातीत बसले आणि आमच्या क्लासमध्ये काय पाहिलं ते सांगितलं. पाटा चढवला तेव्हा दाबून पाहिलं होतं, तेही सांगितलं. काही गाळलं नाही.

सुपाचा आवाज थांबला होता.

ड्रायव्हरने गुडघ्यावर हात दाबून धरला. मग म्हणाला, "तुमाला कदीपासून ठावां?"

"संशय पहिल्या दिवसापासून. खात्री तीन दिवसांपूर्वी."

"पयल्या दिसापासून." तो हळूच म्हणाला. "माज्या आयशीला बाजारात बोलला तो, तवा तुमी गॅरेजातच हुते."

"होतो."

"आयकलां?"

"ऐकलं."

चाचांनी माफी मागितली. ती त्याने घेतली नाही की नाकारली नाही. उठता येत नसल्यामुळे त्याने फक्त तोंड दुसरीकडे फिरवलं. आम्ही निघालो तेव्हा त्याची आई अंगणाच्या कुडापर्यंत आली आणि चाचांना म्हणाली, "आमाला सांगलां, बरां केलां. आता साकरशेतला जाऊन सांगशील काय?"

चाचा म्हणाले, "तिकडेच निघालोय."

साखरशेतला मेलेल्या बाईचा नवरा खळ्यावर भात झोडत होता. त्याने झोडता झोडताच ऐकायला सुरुवात केली, मग हातातली पेंढी खाली ठेवली. मला भीती होती की तो चाचांच्या अंगावर जाईल. चाचाही बहुतेक तेच धरून उभे होते, कारण त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता.

सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे तो पिलेला नव्हता."

"नव्हता."

"मी त्याच्या आईला बोललो."

त्याने हाताला चिकटलेला पेंढा झटकला.

"तुम्ही जा आता," तो म्हणाला. "माझ्यासमोर थांबू नका." त्याने पेंढी पुन्हा उचलली, पण झोडली नाही. वळणावरून मी पाहिलं तेव्हाही तो ती हातात धरून तसाच उभा होता.

पोलिसांकडेही चाचा स्वतःहून गेले. त्यांचं म्हणणं लिहून घेतलं गेलं. केसचं त्यामुळे काय झालं, की काहीच झालं नाही, ते मला सांगता येणार नाही. मी पाहिलं ते जीपस्टँडवरचं. रोज सकाळी चाचा तिथे जाऊन ज्यांना पाटे चढवले होते त्या एकेकाला गाठायचे. "आण गाडी, पाटा काढून देतो. पैसे नको."

"मग माणसं कमी बसवू का?" एकाने विचारलं.

"हो."

"चाचा, तुम्ही घरी जाऊन झोपा."

थोड्या जणांनी काढू दिले. बाकीच्यांनी गॅरेजच बदललं. जो मिस्त्री स्वतःच म्हणतो की माझ्या कामाने माणूस मेला असेल, त्याच्याकडे गाडी कोण टाकणार? तसं कुणी तोंडावर म्हणत नव्हतं. आमच्या गल्लीत गाड्या यायच्या बंद झाल्या, एवढंच. चाचा शटर उघडून बसत. कधीतरी एखादी सायकल येई. पुढच्या उन्हाळ्यात भिवंडीहून मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी माझ्या स्कूटीचा ब्रेक घट्ट करून दिला. नंतर कळलं, तिकडे त्यांना लकव्याचा झटका आला, एक हात नीट चालेनासा झाला.

त्यानंतर एका दुपारी ड्रायव्हर माझ्या दारात आला. काठी होती, पण चालत होता. सोबत बायको.

"ती गाडी बघायचीय," तो म्हणाला.

मी खेळ लावला, रस्ता ओला केला, मागच्या स्प्रिंगा टणक केल्या. तो बसला. पेडलवर पाय ठेवताना त्याचा चेहरा आवळला गेला. वळणावर गाडी फिरली तेव्हा त्याने स्टिअरिंग सोडून दिलं आणि हात मांडीवर ठेवले. मग उठून त्याने बायकोला खुर्चीत बसवलं. तिने कधी सायकलसुद्धा चालवली नव्हती. मी पेडलं सांभाळली, स्टिअरिंग तिच्या हातात दिलं. वळण आलं, हिसका बसला, आणि तिने दचकून पाठ पुढे घेतली.

ती मान वळवून नवऱ्याकडे बघत राहिली. मी बाहेर पाणी आणायला गेले आणि मुद्दाम उशीर लावला.

परत आले तेव्हा तो विचारत होता, "चाचांचा फोन लागंल काय?"

मी आवाज मोठा करून लावून दिला. मुलाने उचलला, चाचांच्या कानाला लावला. त्यांचा आवाज आता जड झाला होता, शब्द घसरत होते. त्यांनी पहिलंच विचारलं, "गुडघा?"

"वाकतंय थोडां."

"जिना?"

"जिना नाय जमत." मग तो थांबला. "चाचा, मना अजून राग हाय तुमचा."

"असू दे," पलीकडून आलं.

ड्रायव्हरने फोन कानाशी तसाच धरला. पलीकडे कुणीतरी खोकलं, भांडं वाजलं, भिवंडीच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. दोघांपैकी कुणी बोलत नव्हतं, आणि कुणी फोन ठेवतही नव्हतं.