खंडेनवमीला पुसलेलं ग्राफिक्स कार्ड

परवा खंडेनवमीच्या आवराआवरीत माळ्यावरचं एक खोकं उतरवलं. त्यात आमच्या पहिल्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड निघालं. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर कुंकवाचा डाग अजून तसाच... मी स्टुलावरच बसून राहिलो.

दोन हजार चार-पाच साल असेल. आम्ही नाशिकला सिडकोत राहायचो. कॉम्प्युटर तिथल्याच द्वारका चौकातल्या दुकानातून सेकंडहँड घेतलेला. त्यावर देवळाली कॅम्पच्या महेशने, म्हणजे माझ्या मित्राने, विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं आणि स्क्रीनवर चित्र दाखवायला स्वतःचं जुनं ग्राफिक्स कार्डही बसवलं होतं. त्या कार्डाच्या ड्रायव्हरने, म्हणजे ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, आमचे कितीतरी रविवार खाल्ले होते. त्यामुळे घरात काहीही बंद पडलं की मी आधी ड्रायव्हरलाच शिव्या घालायचो.

त्या वर्षी मस्कतला ताईला मुलगी झाली. आईला जाता आलं नव्हतं, तिने नातीला पाहिलंच नव्हतं. खंडेनवमीच्या सकाळी ताईची मेल आली. डायलअपवर फोटो उतरता उतरेनात... उतरले तेव्हा ठरवलं, पूजा झाली की सगळे मिळून बघू. आणि मी झेंडू आणायला गेलो.

बाबा सातपूरच्या कारखान्यात फिटर होते. मशीन उघडून पुसल्याशिवाय पूजा नाही, हा त्यांचा नेम. परत आलो तर घरच्या मशीनचीही पूजा आटोपलेली, कीबोर्डवर अक्षता. आई ठेवणीतली साडी नेसून स्क्रीनसमोर बसलेली.

बटण दाबलं. पांढरी अक्षरं भराभर वर गेली आणि स्क्रीन काळा.

तीन कळा एकदम दाबल्या की अक्षरं परत यायची, पण चित्र काही दिसेना. फायलींची नावं तेवढी दिसत होती. बेबी एक, बेबी दोन...

"आत आहेत ना फोटो? मग दाखव की," आई म्हणाली. सणामुळे सायबर कॅफेही बंद.

महेशला फोन लावला. फोन बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटर आतल्या. मग आई रिसीव्हर घेऊन दारात उभी राहिली. महेश एकेक अक्षर सांगणार, आई ते मला सांगणार. स्लॅशला ती 'तिरपी काठी' म्हणायची. ड्रायव्हर काढला, पुन्हा बसवला, सेटिंगची फाईल बदलली... स्क्रीन आपला काळाच.

शेवटी महेश दमला. आता सगळं पुसून लिनक्स नव्याने टाकू, असं त्याने सांगितलं. ते मला नंतर कळलं, कारण आईने मला सांगितलंच नाही. त्यालाच म्हणाली, "पुसू नका रे बाबांनो... पोरगी आत आहे माझी."

मग महेशने तिला विचारलं असावं, की सकाळपासून काय काय केलंत. आई सांगत होती, "काही नाही रे. ह्यांनी उघडून पुसला, वायरी काढल्या, परत लावल्या, पूजा केली."

मग आई माझ्याकडे वळली. "तो विचारतोय, स्क्रीनची पिन कुठे लावलीय?"

मागे वाकून बघितलं. निळी सॉकेटं दोन, अगदी सारखी. कुंकू बरोबर कार्डाला लागलेलं आणि पिन मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये. तिथून अक्षरं तेवढी यायची, चित्र फक्त कार्डातून. ड्रायव्हर बिचारा ठणठणीत होता.

"घट्ट बसली की रे, म्हणून लावली," बाबा म्हणाले.

पिन बदलली, पुन्हा चालू केला आणि फोटो उघडला. आवळलेली मूठ, मिटलेले डोळे. आईने स्क्रीनच्या काचेला हात लावला आणि रडली. मग एकदम आठवून फोनकडे धावली. महेश अजून लाइनवरच होता. नातीची पहिली बातमी त्याला मिळाली, "कान अगदी आमच्या ह्यांच्यासारखे आहेत."

महेश, हे वाचत असशील तर थँक्यू. सणाच्या दिवशी घरचं ताट सोडून फोन धरून बसला होतास, ते तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

भाची आता कॉलेजात आहे, आजीला रोज व्हिडिओ कॉल करते. बाबा नाहीत. फार आठवण येते त्यांची... सणाला जरा जास्तच.

ते कार्ड आता कुठल्याच कॉम्प्युटरला बसणार नाही. तरी मी ते कोरड्या फडक्याने पुसलं आणि लॅपटॉपशेजारी पूजेत मांडलं. नवं कुंकू कुठे लावावं म्हणून थांबलो, तर आई मागून म्हणाली, "त्यांनी लावलं होतं तिथंच लाव."