सासऱ्यांचं मनगट

लग्नाला काही वर्षं झाली तरी मी सासऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते. समुद्रापारच्या उसाच्या बेटावर, आमच्या सें पिएर गावातल्या घरात सुनेनं त्यांच्यासमोर पदर घ्यायचा, त्यांना स्पर्श होऊ द्यायचा नाही आणि काही हवं असलं तर सासूबाईंमार्फत कळवायचं. मला हे जाचायचं, पण वाद नको म्हणून मी गप्प बसायचे.

साठच्या दशकातली ही हकीकत. हरतालिका होती. उद्या गणपती बसणार म्हणून माझे यजमान शिडीवर चढून मखराचे बांबू बांधत होते. बांबूला भोकं पाडायला सायकलची जुनी स्पोक घासून केलेली टोचणी त्यांच्या हातात होती. शिडी सरकली आणि ते पालथे पडले. उताणं करून पाहिलं तर टोचणी डाव्या छातीत रुतलेली. रक्त थोडंसंच होतं, पण बाहेर राहिलेलं टोक ठोक्याठोक्याला हलत होतं.

आमच्याकडे काही रुतलं की आधी उपटायचं आणि वर हळद दाबायची. सासूबाई हळद घेऊन धावल्या, सासऱ्यांनी टोचणीला हात घातला. मला वैद्यकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण परसातल्या गळक्या पिंपाला खुंटी ठोकलेली होती, ती निघाली की काय होतं ते मी पाहिलं होतं. नवऱ्याच्या आयुष्यासाठी सकाळपासून निर्जळी उपास करायचा आणि आता पदर सावरत उभं राहायचं? मी सासऱ्यांचं मनगट घट्ट पकडलं आणि ओरडले, "पा तिरे! पा तिरे!" त्यांना "काढू नका" म्हणायला मराठीत जीभ वळेना, म्हणून बेटावरची क्रेओल बोलीच बाहेर पडली.

सासूबाई थिजल्या.  सासऱ्यांनी हात मागे घेऊन शेजाऱ्यांना हाक मारली, "कामियों आना रं!" कामियों म्हणजे उसाची लॉरी; तिच्यात टोचणी हलू नये म्हणून मी दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या धरून बसले. 

इस्पितळात डॉक्टरांनी छाती उघडून हृदयाला टाके घातले. बाहेर येऊन म्हणाले, "जगतील. घरीच उपटली असती तर इथवर पोचले नसते. कुणाला सुचलं हे?"

मी मान खाली घातली. लॉरीबरोबर आलेली गावातली चार पुरुषमाणसं तिथं उभी होती.

"माज्या सुनेला," सासरे म्हणाले. "मी काडत व्हतो. तिनं माजा हात धरला."

मी त्यांच्यासमोरच मोठ्यानं रडले.