दहा माणसं चहा पिऊन गेली

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात मिलच्या क्वार्टर्समध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून एक ज्यू कुटुंब राहायचं. काका मिलमध्ये फिटर होते. माझे वडील महूला पलटणीतून रिटायर होऊन त्याच मिलच्या गेटवर लागलेले. काकूंचं माहेर कोकणातलं, त्यामुळे त्यांची मराठी आमच्याहून चांगली. आम्ही निम्मं हिंदीच बोलायचो. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. तिचा मोठा भाऊ हवाई दलात. त्याला आम्ही दोघी दादा म्हणायचो.

विमानात नकाशा बघून वैमानिकाला वाट सांगायचं दादाचं काम. तेवीस वर्षांचा होता, पण पालीला घाबरायचा. सुट्टीवर आला की न्हाणीघराच्या दारातून बहिणीला हाक मारायचा आणि ती झाडू घेऊन आत गेल्यावरच स्वतः जायचा. आम्ही खूप हसायचो.

एकाहत्तरच्या लढाईत त्याचं विमान परत आलं नाही. तार आली, तिच्यात ‘बेपत्ता’ एवढंच होतं. काकूंनी ती माझ्या वडिलांकडून तीनदा वाचून घेतली. पलटणीत बेपत्ता म्हणजे काय असतं ते वडिलांना ठाऊक होतं, पण तिसऱ्यांदाही त्यांनी तेवढंच वाचलं.

मग कुणीतरी सांगितलं, की पलीकडचा रेडिओ संध्याकाळी पकडलेल्या सैनिकांची नावं वाचतो. काकू रोज रेडिओला कान लावून बसायला लागल्या. मी आणि त्यांची मुलगीही बसायचो. खरखरीतून मधूनच एखादं नाव कळायचं. एका संध्याकाळी मुलगी तापानं आत झोपली होती आणि काकू दूध उतू जातंय म्हणून चुलीकडे धावल्या. मी एकटीच होते, खरखरीतून काहीच कळलं नाही. परत येऊन त्यांनी विचारलं, “काही म्हणाला का गं?”

त्यांचा चेहरा मला बघवेना. मी अकरा वर्षांची होते.

मी म्हटलं, “दादाचं नाव घेतलं.”

“बराबर ऐकलंस? पूर्ण नाव?”

“हो.”

त्यांनी मला पोटाशी धरलं. सगळे क्वार्टर्स गोळा झाले. मी एवढी महत्त्वाची कधीच नव्हते, आणि खरं सांगायला हरकत नाही, मला ते आवडलं. घरी वडिलांनी एकदाच माझ्याकडे रोखून पाहिलं.

लढाई संपून बऱ्याच दिवसांनी कैदी परत आले. त्यांत दादा नव्हता. पुढे सरकारी पत्र आलं, की त्याला मृत समजावं. काकांनी ते घडी करून खिशात ठेवलं. त्यांच्या धर्मात मेलेल्यासाठी घरच्या पुरुषानं एक प्रार्थना म्हणायची असते आणि तिच्यासाठी दहा ज्यू पुरुष हजर लागतात. इंदुरात तेवढे मिळेनात. काकांनी रतलाम, महू, भोपाळ असं कुठून कुठून पत्रं पाठवून माणसं जमवली. एका रविवारी सकाळी ती ओसरीवर येऊन बसली, डोक्याला टोप्या घालून. काकूंना आधी सांगितलं नव्हतं.

काकू दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “माझा पोरगा जिवंत आहे. ह्या पोरीनं नाव ऐकलंय.” त्यांनी माझा हात धरून मला त्या माणसांसमोर उभं केलं. एक म्हातारे गृहस्थ खाली वाकून सावकाश म्हणाले, “बेटा, नीट आठव. खरंच ऐकलंस?”

तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्या वयात कळतं.

मी म्हटलं, “हो, ऐकलं.”

काकांनी हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मिटून ठेवलं. मुलीनं चहा केला. दहा माणसं तो पिऊन दुपारी आपापल्या गाडीला निघून गेली.

चार-पाच वर्षांनी ते कुटुंब इस्रायलला गेलं. जाताना काकूंनी नव्या भाडेकरूकडे पत्ता ठेवला, दादा इथे आला तर असावा म्हणून. काका तिकडेच वारले. मी मास्तरीण झाले, लग्न झालं, आता विजय नगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये असते. दादाच्या बहिणीचा महिन्यातून एकदा फोन येतो. तिची मराठी अजून परदेशीपुऱ्याचीच आहे.

गेल्या वर्षी काकू गेल्या. तिनं सांगितलं, शेवटच्या आठवड्यातसुद्धा नर्सला म्हणत होत्या की मुलाचं नाव रेडिओवर सांगितलंय. त्या दिवशी मी तिला सगळं सांगून टाकलं. पन्नासहून जास्त वर्षं आत ठेवलेलं सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

 

ती म्हणाली, “बाबा दर वर्षी आईला विचारायचे, आता ती प्रार्थना म्हणू का? ती म्हणायची, पोरीनं ऐकलंय. मरेपर्यंत त्यांना म्हणता आली नाही.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “आईनं केलं असतं माफ. मी नाही करत. बाबांचं तोंड मी पाहिलंय.”

पुढच्या महिन्यात तिच्या मुलानं तिथल्या प्रार्थनाघरात दादासाठी ती प्रार्थना म्हटली. दहा माणसं सहज मिळाली, असं तिनं सांगितलं. गेल्याचा दिवस कोणता धरला, हे मात्र मी विचारलं नाही. दादा नक्की कधी गेला, हे तिलाही माहीत नाही.

फोन अजून येतो. तब्येतीचं बोलतो, नातवंडांचं बोलतो. पूर्वी ती मला दर वाक्याला ‘गं’ म्हणायची, आता नुसतं नाव घेते.