उलटा चंग
भिजत घातलेल्या बकऱ्याच्या कातड्याचा वास गराजमध्ये पसरला की मला इथल्या, अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या गणेशोत्सवातला तो स्टेज आठवतो. एका जुन्या इराणी चित्रात एक बाई चंग छातीशी धरून बसलेली आहे. चंग म्हणजे तिकडची जुनी हार्प; तिचा कातड्यानं मढवलेला पोकळ भाग वर असतो आणि तारा खालच्या आडव्या दांडीला बांधलेल्या असतात. ते चित्र समोर ठेवून, ऑफिस सांभाळून, मी सगळे वीकेंड खर्चून तसाच चंग बनवला होता. कार्यक्रमाच्या दिवशी मी साडी नेसून येईपर्यंत मंडळाच्या एका काकांनी तो स्टेजवर मांडूनही ठेवला, दांडी वर आणि पोट खाली! मी सगळ्यांसमोर तो फिरवून घेतला. "अगं, उलटा धरलास!" काका पहिल्या रांगेतून ओरडले. मी म्हटलं, "काका, चित्रात असाच आहे." "मग चित्रकार चुकला असेल. मी काय हार्प पाहिली नाही?" हॉल हसला. मी माइक जवळ ओढला. "त्यानं रोज समोर वाजताना पाहिलाय काका, तुम्ही हॉटेलच्या लॉबीत." आणि सरळ वाजवायला लागले. कातड्यातून घोगरा, भरदार आवाज निघाला आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. नंतर जेवणाच्या रांगेत काका म्हणाले, "छान झालं हं, फक्त पुढच्या वर्षी सरळ धर." आज दुसऱ्या चंगाचं कातडं भिजतंय. हा मुद्दाम मोठा केलाय, शेवटच्या रांगेतूनही उलटा दिसेल एवढा.