लॅपटॉप आठशेवर अडला तेव्हा

माझी दृष्टी वयाच्या सातव्या वर्षी गेली. मी राहात्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, पुणतांब्याला सासरी राहते, आणि माझं सगळं लिहिणं-वाचणं एका लॅपटॉपवर चालतं. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स आहे आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा एक आवाज आहे. हा आवाज नाकातून बोलतो, आणि मी त्याचा वेग इतका वाढवून ठेवलाय की घरात माझ्याशिवाय कुणाला त्यातला एक शब्द कळत नाही. यजमान म्हणतात, टिटवी वरडल्यासारखं वाटतं. असेल. मला त्या टिटवीचं सगळं कळतं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक काम अंगावर घेतलं होतं. बारावीच्या माझ्या दोन विद्यार्थिनी माझ्यासारख्याच न पाहणाऱ्या, आणि त्यांना लागणारं एक जाडजूड संदर्भपुस्तक फक्त छापील मिळत होतं. ते कॉलेज उघडायच्या आत ऐकता येईल अशा मजकुरात उतरवायचं होतं. यजमान पान स्कॅनरवर ठेवायचे, मी कळ दाबायची, आणि लॅपटॉप त्या चित्रातली अक्षरं ओळखायचा. आमची पेरूची बाग आहे. मे महिन्यात पुढच्या बहारासाठी झाडांना ताण द्यायला पाणी तोडलेलं असतं, त्यामुळे त्यांच्या दुपारी मोकळ्या होत्या.

आठवडाभर काम सुरळीत झालं. मग एके दिवशी माझी टिटवी अडखळायला लागली. शब्दाचा अर्धा भाग बोलायची, थांबायची, उरलेला अर्धा बोलायची. लोकांना वाटतं आमचे कान फार तीक्ष्ण असतात. तसं काही नसतं, आम्हाला दुसरीकडे बघायला काही नसतं एवढंच. पण या वेळी माझ्याआधी यजमानांच्याच लक्षात आलं.

"पान वाचायला लई येळ लागतोय आता," ते म्हणाले. "आधी मी पान पलटीपर्यंत व्हायचं."

मी लिनक्स गेली दहा-बारा वर्षं वापरते. बिघाड झाला तर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे, आणि तो पाळता येतो असा माझा अनुभव आहे. मी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं आणि प्रोसेसर किती वेगानं चाललाय ते विचारलं. उत्तर आलं आठशे मेगाहर्ट्झ. काम नसताना तो आठशेवर बसतो, त्यात वावगं काही नाही. काम पडलं की मात्र तीन हजारांच्या पुढं जायला हवा. मी एक पान ओळखायला दिलं आणि पुन्हा विचारलं. आठशेच.

प्रोसेसरनं कधी किती वेगानं पळायचं याचं धोरण ठरवणाऱ्या भागाला लिनक्समध्ये गव्हर्नर म्हणतात. मी वर्गात दरवर्षी राज्यपालांचे अधिकार शिकवते, त्यामुळे हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं होतं. माझा गव्हर्नर वीज वाचवायच्या धोरणावर होता. मी त्याला पूर्ण वेगाच्या धोरणावर टाकलं. त्यानं आदेश निमूटपणे घेतला आणि वेग तसूभरही हलला नाही. म्हणजे लगाम दुसऱ्याच कुणाच्या हातात होता.

नुकतंच अपडेट केलं होतं, म्हणून जुन्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या आधीच्या आवृत्तीवर, लॅपटॉप सुरू करून पाहिला. फरक नाही. तापला असेल म्हणावं, तर तापमान सत्तेचाळीस अंश, जे मे महिन्यात आमच्या माडीच्या मानानं थंडच म्हणायचं. तरी यजमानांनी मागचं झाकण खोलून पंख्यातली धूळ काढली. झाकण परत बसवल्यावर एक स्क्रू उरला. तो मी काडेपेटीत घालून ठेवला.

दोन दिवस असे गेल्यावर यजमान म्हणाले, दुकानात दाखवू. मला जायचं नव्हतं, पण पुस्तक अडलं होतं. लॅपटॉप पिशवीत घालून आम्ही मोटरसायकलवर राहात्याला गेलो. दुरुस्तीवाला माणूस सभ्य होता. फक्त तो माझ्याशी बोलेना. मॅडमना नक्की काय अडचण येते, असं त्यानं यजमानांना विचारलं. मी उत्तर दिलं. पुढचा प्रश्नही त्यानं यजमानांनाच विचारला. मग म्हणाला, हे लिनक्स काढून टाकू, विंडोज टाकलं की प्रश्नच मिटेल. मी नको म्हणाले.

त्यानं स्वतःचा चार्जर लावून लॅपटॉप सुरू केला. मी कानात इअरफोन घातला, एक पान ओळखायला दिलं आणि वेग विचारला. एकतीसशे. पुन्हा विचारला. तीन हजार ऐंशी. टिटवी घडाघडा बोलत होती. तो यजमानांना हळूच म्हणाला, मॅडमना तसं वाटलं असेल. त्यात खोट नव्हती. आमचं समाधान व्हावं म्हणूनच तो बोलला. पैसेही घेतले नाहीत.

परतीच्या रस्त्यावर, कालव्याच्या पुलाजवळ मी यजमानांना पाठीमागून म्हणाले, "मला वाटलेलं नाही. मी आकडा ऐकलाय."

"मी कुठं काय म्हनलो?" ते म्हणाले. "पान वाचायला येळ लागत हुता, ते मी बी बघितलंय."

त्यांच्या या बोलण्यानं मला जेवढा धीर आला, तेवढा त्या दिवशी दुसऱ्या कशानंही आला नाही.

घरी येऊन लॅपटॉप लावला. आठशे. दुकानात धावतो आणि घरी रांगतो, म्हणजे दोष घरात आहे, असा यजमानांनी निष्कर्ष काढला, आणि तो बरोबरच होता. त्यांचा संशय व्होल्टेजवर होता. उन्हाळ्यात आमच्याकडे दाब इतका उतरतो की विहिरीवरची मोटरसुद्धा उचलत नाही. त्यांनी फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून लॅपटॉपला जोडला. सासूबाईंनी दुधाचं काय म्हणून विचारलं, तेव्हा तासाभराचा प्रश्न आहे असं मी सांगितलं. तासाभरानं स्टॅबिलायझर परत फ्रिजला गेला. आठशेचे आठशेच.

मग मी चार ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. दर पाच सेकंदांनी तो वेग मोजायचा आणि मोठ्यानं सांगायचा. शेजारी आधी स्कॅन करून ठेवलेली पानं एकामागून एक ओळखायला लावून दिली, म्हणजे प्रोसेसरला उसंत नको. दुपारचा चहा झाला होता. टिटवी आठशे, आठशे म्हणत होती, आणि मी नुसती ऐकत बसले होते. तेवढ्यात लाईट गेली. डोक्यावरचा पंखा कुरकुरत थांबला, खाली फ्रिज हुंदका देऊन बंद पडला. लॅपटॉप म्हणाला, दोन हजार नऊशे चाळीस.

मी यजमानांना हाक मारली. पुढचा आकडा तीन हजार शंभर आला. मग तीन हजार साठ. वीज परत यायला पाऊण तास लागला आणि तेवढ्यात आमची साठ पानं झाली. वीज आली आणि पंखा फिरायच्या आत टिटवी म्हणाली, आठशे. मी यजमानांना चार्जरची पिन उपसायला सांगितली. तीन हजार. लावायला सांगितली. आठशे. चार वेळा तसं केलं. पाचव्या वेळी तेच म्हणाले, बास, कळलं.

चार्जर. दुकानात मी तो नेलाच नव्हता.

एक शंका मला तेव्हा आली. लॅपटॉप सुरू होताना पहिले काही क्षण माझा आवाज जागा झालेला नसतो. त्या वेळात पडद्यावर काही उमटत असेल, तर ते मला कळायला मार्ग नाही, आणि यजमान कशाला तिकडे बघतील? मी लॅपटॉप बंद केला, चार्जर लावला आणि त्यांना पडद्यासमोर बसवलं. त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत, इंग्रजी सुटून तीस वर्षं झालेली. पहिल्या वेळी अक्षरं भुर्रकन गेली. दुसऱ्या वेळी त्यांनी मोबाईलवर फोटो काढला आणि एकेक अक्षर मला सांगत गेले. डब्ल्यू, ए, आर. मी मनात जुळवत गेले. आठवीत असताना एक मैत्रीण मला फळ्यावरचं असंच सांगायची. वाक्य पूर्ण झालं तेव्हा अर्थ स्वच्छ होता. जोडलेला चार्जर या यंत्राला पुरेल एवढ्या ताकदीचा नाही, बॅटरी सावकाश भरेल आणि यंत्र सावकाश चालेल. रोज सकाळी ते मला हे सांगत होतं.

जुन्या चार्जरची वायर उंदरानं कुरतडली होती, म्हणून आम्ही बाजारातून नवा आणला होता. ही गोष्ट त्या चार दिवसांत मी एकदाही हिशेबात धरली नव्हती. कुरतडलेला चार्जर अजून खुंटीवरच्या पिशवीत होता. यजमानांनी दोन्हींवरची बारीक अक्षरं मोबाईलमध्ये मोठी करून वाचली.

"जुना पासष्ट वॅटचा हाय, आन् ह्यो पंचेचाळीस," ते म्हणाले. मग जरा थांबून, "माझंच चुकलं. मी बघून घ्याया पायजे हुतं."

त्यांचं चुकलं नव्हतं. विकणाऱ्यानं तेव्हा विचारलं होतं, जुना किती वॅटचा होता. मी काउंटरपाशी उभी राहून पिन बोटांनी चाचपली, लॅपटॉपमध्ये घालून पाहिली आणि मीच म्हणाले होते, नीट बसतेय, द्या. हे मी यजमानांना सांगितलं. त्यांना ते आठवत होतं. चार दिवस आठवत होतं की तेव्हाच आठवलं, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पासष्टचा चार्जर घेऊन आले. पिन मी आधी चाचपली, पण आकडा त्यांना दोनदा वाचायला लावला. लावल्याबरोबर वेग एकतीसशेवर गेला. दुरुस्तीवाल्याला मी फोन केला आणि काय निघालं ते सांगितलं, कारण असा लॅपटॉप उद्या त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचाही येईल. त्यानं मला तीन प्रश्न विचारले. तिन्हींची उत्तरं मला येत होती.

पुस्तक कॉलेज उघडायच्या चार दिवस आधी पूर्ण झालं आणि दोघींना पाठवलं. त्याच आठवड्यात धाकटीचा फोन आला. पाचव्या प्रकरणातल्या तक्त्याचे रकाने एकमेकांत मिसळलेत, कोणतं राज्य आणि कोणत्या जागा याचा काही मेळ लागत नाही, अशी तिची तक्रार होती. तक्ते मी नेहमी हातानं लिहून काढते, हा एक राहून गेला होता. यजमान बागेतून येईपर्यंत मी थांबले, मग त्यांनी एकेक रकाना वाचून दाखवला आणि मी तो नव्यानं लिहून पाठवला.